पाण्यामागं चालणारी ट्रॉली

भंडारदऱ्याच्या काठावर बोट ठेवणाऱ्याला रोज सकाळी एकच चौकशी करावी लागते : पाणी कुठवर आलंय, किंवा कुठवर गेलंय. पंधरा ऑगस्टच्या मागंपुढं धरण भरतं. पेपरात फोटो येतात, धरणाकाठच्या शेंडी गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. पुढं रब्बीचं आवर्तन सुटतं, मग उन्हाळी आवर्तनं सुटतात, आणि सप्टेंबरात जिथं बोट टेकत होती तिथं मे महिन्यात शेळ्या चरत असतात. पाणी पार खाली दरीत चकाकत असतं. मधला सगळा उतार उघडा : वर लाल माती, मग मुरूम, मग काळा कातळ, आणि पाण्यालगत पाय ठेवला की घोटा बुडवणारा गाळ.

या उतारावर बोट पाण्याबाहेर उचलून घ्यायची सोय करून द्या, असं काम माझ्याकडं आलं.

माझं अकोले गावात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, गोठ्याच्या शेडच्या कैच्या, आणि अगस्ती कारखान्याचा हंगाम जवळ आला की उसाच्या ट्रॉल्या. चासी, ड्रॉबार, एक्सल हे आमचं रोजच्या भाकरीचं काम. बोटीशी संबंध एवढाच की लहानपणी शेंडीहून लाँचमधून रतनवाडीला अमृतेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो.

काम घेऊन आलेले बोटवाले वयानं मोठे, म्हणून मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला मिस्त्री. त्यांच्याकडं एक अठरा फुटी फायबरची बोट आणि एक तिच्याहून लहान. धंद्यात संगमनेरचा एक भागीदार, आणि त्या भागीदाराचा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटात नोकरीला. त्यानं तिथल्या एका तळ्याचा व्हिडिओ पाठवला होता. लाकडी धक्का, शेजारी पाण्यात उभे चार खांब, खांबांमध्ये बोट. माणूस बटण दाबतो, बोट निथळत दोन-तीन हात वर येते, माणूस धक्क्यावरून चालत घरात जातो. भागीदारांचं म्हणणं, अगदी असंच करून द्या, पैशाचं बघू.

मी व्हिडिओ तीन-चारदा पाहिला आणि मामांना विचारलं, "हे चार खांब उभे कुठं करायचे?"

मामा हसले. त्यांना हे आधीच कळलेलं होतं, पण भागीदाराला नाही म्हणायचं काम त्यांना माझ्याकडून करून घ्यायचं होतं.

व्हिडिओतल्या तळ्याचं पाणी सबंध हंगामात फूट-दोन फूट हललं तर खूप झालं. आपलं धरण म्हणजे टाकी आहे. भरायची आणि रिकामी करायची, त्यासाठीच ती बांधली. १९१० मध्ये काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. भिंत दगडी, २७० फूट उंच. साठा ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट, आमच्या बोलण्यातला ११ टीएमसी. हे पाणी प्रवरा खोऱ्यातल्या उसासाठी, गव्हासाठी, गावांच्या नळांसाठी आहे. वर २००५ च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं, त्यामुळं खाली जायकवाडीत कमी असेल तर इथूनही सोडावं लागतं. यात बोटवाल्याला कुणी विचारत नाही, आणि विचारावं असंही काही नाही. ऑगस्टच्या काठावर खांब उभे केले तर नाताळच्या गर्दीत ते कोरड्यावर. मेच्या काठावर उभे केले तर जुलैत कित्येक पुरुष पाण्याखाली.

त्या मुलाशी मी फोनवर बोललो. पोरगा समजूतदार. म्हणाला, "काका, इथं हिवाळ्यात तळं गोठतं. त्याआधी ऑक्टोबरात सगळे आपापली लिफ्ट चाकं लावून बाहेर ओढतात. धक्कासुद्धा सुटा करून काठावर रचून ठेवतात." व्हिडिओत हे कुठं दिसत नव्हतं. म्हणजे तिथंही लोखंड बारा महिने पाण्यात उभं नसतं. तिथं बर्फापायी काढतात, इथं आवर्तनापायी काढावं लागेल. त्या फोनवरच माझं ठरलं की जे काही करायचं ते चाकांवर.

आता बोट पाण्याबाहेर काढायचीच कशाला, असं कुणालाही वाटेल. बोट पाण्यात राहण्यासाठीच असते. मला मामांनी हे काठावर बसून समजावलं. पहिली गोष्ट पावसाची. घाटघर-रतनवाडीकडं आषाढात दिवसाला दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. अठरा फुटी बोटीचं उघडं तोंड धरा दहा चौरस मीटर. दोनशे मिलिमीटर पाऊस म्हणजे तिच्यात दोन हजार लिटर, म्हणजे दोन टन पाणी, एका रात्रीत. ताडपत्री बांधली तरी वाऱ्यानं फाटते, नाहीतर तिच्यात पाण्याची पखाल लोंबते. दुसरी गोष्ट दोराची. पावसाळ्यात पाणी रात्रीतून काही फूट चढतं. संध्याकाळी खुंट्याला बांधलेला दोर सकाळी आखूड पडतो, खुंटा पाण्याखाली गेलेला असतो, आणि दोर बोटीचं नाक खाली ओढून धरतो. उन्हाळ्यात याच्या उलट. पाणी खाली सरकतं आणि बोट कातळावर तिरकी टेकून बसते. तिसरी गोष्ट वाऱ्याची. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा उठतो आणि बांधलेली बोट रात्रभर दगडावर आपटत राहते. फायबरवरचा गुळगुळीत थर खरवडला गेला की आतल्या काचेच्या धाग्यांत पाणी मुरतं, बोट जड होते, आणि ती का जड झाली हे वरून दिसत नाही.

शिवाय २०२४ चा मे महिना आम्हा सगळ्यांच्या डोक्यात होता. २१ मेच्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. दोनच दिवसांनी आमच्याच तालुक्यात सुगावला, प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. पट्टीच्या पोहणाऱ्यांचं हे झालं. त्या दोन्ही घटना बोटीच्या बुडाच्या नव्हत्या, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या ओढीच्या होत्या. पण त्यानंतर मामांनी ठरवलं की बोट रोज रात्री पाण्याबाहेर, आणि दर महिन्याला बूड डोळ्यांनी पाहायचं. "माणसं बसवायची तर बूड दिसलं पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

कोकणात काय करतात हे मी पाहिलेलं होतं. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढतात, लाकडी ओंडक्यांवरून, सगळी वाडी दोराला लागते, आणि मग होडी शाकारून ठेवतात. पण त्यांच्या मदतीला भरती असते. भरतीला होडी जितकी वर आणता येईल तितकी आणायची आणि ओहोटीची वाट पाहायची. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा परत येतं. भंडारदऱ्याचं गेलं की पुढच्या पावसाळ्यात येतं.

बंदरावरच्या कारखान्यांत असतात तसे काँक्रीटवर रूळ टाकावेत, हाही विचार झाला. तो लगेच सोडला. काठाची जमीन जलसंपदा खात्याची, आणि रतनवाडीकडचा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. पक्कं बांधकाम करायचं म्हटलं की कागद फिरायला लागतात आणि मामांच्या हयातीत परत येतील याची खात्री नाही. मलाही ते पटत नव्हतं. शंभर वर्षांच्या धरणाच्या पोटात आपण काँक्रीट कशाला ओतायचं? रिकाम्या टाक्या पाण्यात बुडवायच्या, बोट त्यांच्यावर आणायची आणि हवा भरून सगळं उचलायचं, अशी तरंगती लिफ्टही जगात आहे. ती पाण्याबरोबर वर-खाली होते, म्हणजे आमचा मुख्य प्रश्न सुटतो. पण तिला ब्लोअर लागतो, ब्लोअरला वीज, आणि वळवाच्या वाऱ्यात ती सगळी तराफ्यासारखी वाहून जाणार नाही असे नांगर. एवढं काही त्या दोन बोटींच्या मिळकतीत बसत नव्हतं.

राहिली ट्रॉली आणि विंच. बोट तरंगत ट्रॉलीवर येणार, विंच ट्रॉलीला उतारावरून ओढणार, आणि वर सपाटीवर लोखंडी घोडा उभा असेल, त्याला चेन पुलीनं बोट उचलायची. लिफ्टचं खरं काम घोड्याचं. पण बोट घोड्यापर्यंत आणणं हे नव्वद टक्के काम.

हिशेब असा मांडला. बोट, बाकडी, इंजिन, तेलाची टाकी मिळून सहाशे किलो. ट्रॉली तीनशे. एकूण नऊशे. मामांच्या जागेवर उतार साधारण सहा फुटांना एक फूट. म्हणजे उतारामुळं ओढ दीडशे किलोची. ओल्या मुरमात चाकं फिरवायला आणखी शे-सव्वाशे. गाळात रुतलेली ट्रॉली पहिल्यांदा हलवताना याच्या दुप्पट धरायची. एक टनाची हातविंच घेतली, वर्म गिअरची, कारण हँडल सोडलं तरी तिचा ड्रम उलटा फिरत नाही. साध्या दातेरी विंचची खिटी निसटली तर हँडल मनगट मोडतं. मी हे एका विहिरीवर पाहिलंय, त्यामुळं इथं पैसे वाचवू दिले नाहीत. वायर रोप दहा मिलिमीटरचा. नवा असताना तो पाच टनांच्या आसपास तुटतो, म्हणजे पाचपट सुरक्षा मिळाली. ट्रॉलीच्या नाकाला एक कप्पी लावून दोर दुहेरी केला की विंचवरचा भार निम्मा. वेळ दुप्पट लागतो, पण तिथं घाई कुणाला आहे?

ट्रॉलीचं डिझाइन करताना मामा दुकानात येऊन बसायचे. मी नेहमीप्रमाणं चौकोनी बॉक्स पाइप काढले होते. मामांनी पाइपावर टिचकी मारली, आतून पोकळ वाजला, आणि म्हणाले, "मिस्त्री, ही पाण्यात उचलंल." बरोबर होतं. दोन्ही टोकं वेल्डिंगनं बंद केलेला पाइप पाण्यात डबा होतो. ट्रॉली पूर्ण तरंगणार नाही, पण हलकी होऊन लाटेबरोबर आडवी सरकेल, आणि नेमकी बोट चढवताना सरकेल. मग चॅनेल घेतले, शंभर बाय पन्नासचे. उघड्या अंगाचे असल्यानं आत हवा अडत नाही, गाळही धुऊन काढता येतो. जिथं पाइप टाळता आला नाही तिथं वरच्या आणि खालच्या बाजूनं भोकं पाडली. पाणी आत जायला आणि बाहेर आल्यावर निथळायला.

चाकं टायरगाडीची. उसाच्या बैलगाडीला असतात ती, रुंद आणि भार सोसणारी. पण टायरात हवा असते, आणि हवा पुन्हा उचलणारच. यावर उपाय शोधावा लागला नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात नांगरटीच्या वेळी वजनासाठी पाणी भरतात, तेच केलं. एक्सलमध्ये बॉल बेअरिंग ठेवलं नाही. पाण्यात रोज बुडणारं बेअरिंग एका पावसाळ्यात खडखडायला लागतं. गनमेटलचे बुश टर्नरकडून करून घेतले, निपल बसवले आणि मामांना ग्रीसगन दिली. बोटीच्या बुडाखाली बाभळीच्या दोन लांब पट्ट्या, त्यावर भंगारातून आणलेला कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा, बोल्टची डोकी आत दाबून. मागच्या दोन कोपऱ्यांना माणसाच्या उंचीचे उभे पाइप, वर पिवळा रंग. ट्रॉली पाण्यात गेली की ती दिसत नाही, हे दोन पिवळे खांब तेवढे दिसतात, आणि बोटवाल्यानं त्यांच्या मधून यायचं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच निघाली.

काठावर वीज नाही. त्यामुळं वेल्डिंग जेवढं आहे तेवढं अकोल्यात उरकलं, जागेवर फक्त नट-बोल्ट. रेड ऑक्साइडचे दोन हात, वर इपॉक्सी. गोडं पाणी लोखंडाला समुद्राइतकं खात नाही, पण एकदा ओलं एकदा कोरडं हा प्रकार त्याला सोसत नाही. सगळं पिकअपमध्ये घालून राजूर, रंधा करत शेंडीला नेलं. मे महिना, करवंदं विकणाऱ्या पोरी रस्त्याच्या कडेला, आणि कळसूबाईच्या अंगावर ढगांच्या पहिल्या चिंध्या. म्हणजे हातात वेळ कमी.

खरा प्रश्न विंच कुठं अडकवायची हा होता. ट्रॉली पाण्यामागं चालत जाणार, तर विंचही चालली पाहिजे. सहाला एक उतारावर पाणी दहा फूट खाली गेलं की काठ साठ फूट लांब जातो. हंगामभर लागेल एवढा दोर कुणी ड्रमवर गुंडाळत नाही. म्हणून विंच एका सुट्या लोखंडी पाटावर बसवली, आणि उतारावर वरपासून खालपर्यंत थोड्या थोड्या अंतरानं खुंटे केले. खुंटा म्हणजे वर दिसणारा खांब नव्हे. कमरेएवढा खड्डा खणायचा, त्यात रेल्वेरुळाचा हातभर तुकडा आडवा टाकायचा, त्याला साखळी गुंडाळून साखळीचं टोक उताराच्या दिशेनं बाहेर काढायचं, आणि खड्डा दगड-मुरमानं ठोकून भरायचा. ओढ जितकी जास्त तितका रूळ पुढच्या अखंड मातीवर दाबला जातो. काँक्रीट नाही, आणि उद्या काढा म्हटलं तर फावड्यानं निघतो. पाणी जसं उतरतं तशी एकेक साखळी उघडी पडते. विंचचा पाट उचलायचा, पुढच्या साखळीला शॅकल लावायचा, झालं. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की तोच प्रवास उलटा. जवळच्या दगडावर चुन्याचा पट्टा मारून ठेवलाय, नाहीतर गाळाखाली गेलेली साखळी शोधण्यात सकाळ जाते.

खड्डे खणायला आलेल्या पोरांत एक उडदावण्याचा होता. तो मला म्हणाला, "धरण बांधलं तवाच्या माणसांनी भिंत बांधली, आन तुमी काय पुरून ऱ्हायले?" मी सांगितलं, रूळ. त्याला ते फारसं पटलं नाही.

पहिल्यांदा बोट ओढली तेव्हा ट्रॉली बरोबर पाण्याच्या कडेला अडली. वर मुरमावर चाकं छान चालत होती, पाण्यातही चालली, पण मधल्या गाळाच्या पट्ट्यात पुढची दोन चाकं आसापर्यंत गेली. दोर ताठ झाला, हँडलवर दोघं लागले, ट्रॉली हलेना. मामांनी हात वर केला, "थांबा." त्यांनी बोटीच्या मागचा बूच काढला. बोटीत साठलेलं पाणी धारेनं बाहेर पडायला लागलं आणि बराच वेळ पडत राहिलं. बाकड्यांखाली इतकं पाणी होतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या हिशेबात ते धरलेलंच नव्हतं. पाणी संपल्यावर चाकांपुढं लाकडी फळ्या सारल्या, आणि मग एक एक दाता करत ट्रॉली वर आली. बोट पूर्ण पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्या बुडाला वीतभर लांबीची एक चीर दिसली, कडा पांढऱ्या पडलेल्या. सगळे तिच्याकडं बघत राहिले. त्या बोटीत मागच्याच रविवारी माणसं बसली होती.

आता गाळाच्या पट्ट्यासाठी दोन लांब लोखंडी जाळ्या आहेत, दुकानात पडून असलेल्या पत्र्याच्या. पाणी सरकलं की जाळ्याही सरकवतात. गाळ धुवायचा, वर वाळवायच्या.

घोडा उभा करायला अर्धा दिवसही लागला नाही. दोन बाजूंना इंग्रजी 'ए'सारखे पाय, वर एक आडवा बीम, बीमवर दोन चेन पुल्या, एकेक टनाच्या. बोटीला वायर रोप लावायचा नाही, फायबर कापतं. रुंद नायलॉनचे पट्टे, एक पुढं, एक मागं. मागचा पट्टा जरा जास्त मागं, कारण इंजिनामुळं वजन मागं असतं. दोन्ही पुल्या एकाच वेळी सारख्या ओढल्या नाहीत तर बोट नाक वर करून बसते. मामांनी यावर स्वतःचा उपाय काढला. दोन पोरं दोन साखळ्यांना, आणि मामा मध्ये उभे राहून नुसतं "हां… हां…" म्हणतात. प्रत्येक "हां"ला दोघांनी एक एक ओढ घ्यायची. साखळीचा खडखडाट दोन्हीकडून एकदम आला तर बरोबर, पुढं-मागं आला तर मामा न बघता ओळखतात आणि कुठल्या पोरानं आळस केला त्याचं नाव घेतात. बोट छातीएवढी वर आली की खाली शिरून हात फिरवता येतो. फायबरवाल्यानं तिथंच चीर तासून, वाळवून, मॅट आणि रेझिन लावून भरली. चेन पुलीवर बोट लटकलेली असताना तिच्याखाली शिरायचं नाही, आधी खाली लाकडी तिवया सारायच्या. हे मी सांगितलं, मामांनी पाळलं, फायबरवाल्यानं तक्रार करत पाळलं.

पहिला पाऊस रोहिणीतच आला. मृगात बोटी घोड्याखाली तिवयांवर उलट्या झोपवल्या. ट्रॉली सगळ्यात वरच्या साखळीला बांधली, विंच काढून घरात नेली. जुलैत पाणी चढताना मी एकदा गेलो तेव्हा खालच्या साखळ्या, चुन्याचे पट्टे, आमचे खड्डे, सगळं गडप झालं होतं. मुरशेतच्या बाजूनं धबधबे सुटलेले, समोरचं काही दिसत नव्हतं. मामा इरल्याखाली उभे राहून पाणी बघत होते. बोटी बघायला त्यांना त्या वर्षी पहिल्यांदाच जावं लागलं नाही.

ही चर्चा मग आजूबाजूला गेली. राहुरीकडून एकजण बघायला आला. मुळा धरणाच्या पलीकडच्या वावरथ-जांभळीसारख्या गावांची माणसं वर्षानुवर्षं पाण्यावरूनच ये-जा करत आली आहेत. तिथं बोट ही सहलीची गोष्ट नाही, बाजारहाटाची आणि दवाखान्याची आहे. त्यांना मी हेच सांगितलं, की आमचं जसंच्या तसं उचलू नका. मुळेचा काठ वेगळा, बोट मोठी. शेवगावकडच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, मासेमारांनाही हेच लागू. जायकवाडीचा साठा १०२ टीएमसी, भंडारदऱ्याच्या नऊपट, पण पसरट ताटलीसारखा. तिथं पाणी हात-दोन हात उतरलं की काठ शेतंच्या शेतं ओलांडून लांब जातो आणि मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. तिथं खुंटे पुरून उपयोग नाही, रुंद टायरांची ट्रॉली आणि ट्रॅक्टर हेच बरं. भंडारदऱ्याला उभा उतार आहे म्हणून विंच जमली.

खर्च विचारतात सगळे. ट्रॉली, विंच, घोडा, चेन पुल्या, मजुरी धरून नव्या आउटबोर्ड इंजिनाच्या निम्म्यात बसलं. संगमनेरच्या भागीदारांना बटण दाबायचं राहून गेल्याचं थोडं वाईट वाटलं. त्यांच्या मुलाला मात्र खुंट्यांची कल्पना आवडली. त्यानं फोटो मागवले.

कुणाला असं काही करायचं असेल तर काठ मे महिन्यात पाहा, ऑगस्टात पाहून काम देऊ नका. विंच वर्म गिअरचीच घ्या. ओढण्याआधी बोटीचा बूच काढा. वायर रोपची एखादी तार तुटून बोटाला टोचायला लागली की तो दोर भंगारात घाला, दुसऱ्या टोकानं वापरू नका. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना तर अजिबात नाही.